सुरवंटांची चित्रकर्ती

इ. स. १५१५ च्या जानेवारी महिन्यात गोव्याच्या बंदरातून एक पोर्तुगीज जहाज स्वदेशी जाण्यास निघाले. मसाल्याच्या मालाबरोबर त्या जहाजावर एक अपूर्व प्रवासी होता. तो म्हणजे एक जिवंत गेंडा. गुजरातच्या सुलतानाने तो गोव्याचा गव्हर्नर आल्बुकर्क यास भेट म्हणून पाठविला होता, आणि आल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे रवाना केला. मे महिन्यात गेंडा लिस्बनला पोहोचला, तेव्हा त्यास पाहण्यासाठी लोकांची एकच झुंबड उडाली. कारण रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात कोणी गेंडा पाहिलाच नव्हता. त्याचे वर्णन व एक कच्चे रेखाचित्र जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरीस जाऊन पोहोचले. तेथे आल्ब्रेख्त ड्यूरर हा थोर चित्रकार राहत असे. त्या कागदावरून त्याने गेंड्याचे चित्र काढले आणि लाकडी ठशावरून त्याच्या प्रती छापल्या. या चित्रातील गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे बसवावेत तशी कातडी आहे, आणि मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये, आणखी एक लहानसे शिंग आहे. असे शिंग कोणत्याही गेंड्यास नसते. पण ड्यूररने गेंडा कधी पाहिलाच नव्हता. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ युरोपातील पुस्तकांत हाच गेंडा पुनःपुन्हा उतरविला जात होता, आणि त्या खोट्या शिंगासह!

त्या काळच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांची रीतच तशी होती. झुरिकच्या कॉनराड गेस्नर या पंडिताने १५५१ पासून प्राण्यांविषयी प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शेकडो चित्रे होती. ड्यूररचा गेंडा त्यात होता आणि एकशिंगी घोडाही होता. गेस्नर स्वतः मोठा सावध अभ्यासक होता व काही प्राण्यांविषयी तो उघड शंका व्यक्त करी. परंतु त्याच्यामागून आलेल्या अनेकांनी शंका गाळल्या आणि चित्रे तेवढी घेतली. एकाने काढावे, दुसऱ्याने त्यावरून उतरवावे, तिसऱ्याने दुसऱ्यावरून. मूळ प्राणी अरण्यात राही आणि त्याची छबी एका छापखान्यातून दुसऱ्या छापखान्यात हिंडत राही.

अशाच एका छापखान्याच्या घरात २ एप्रिल १६४७ रोजी मारिया सिबिला मेरियन हिचा जन्म झाला.

जर्मनीतील फ्रँकफुर्ट हे तेव्हाही ग्रंथव्यापाराचे मोठे केंद्र होते. मारियाचे वडील माथेउस मेरियन हे तेथील नामांकित खोदकार व प्रकाशक. नगरांची व देशांची त्यांनी तांब्यावर कोरलेली चित्रे युरोपभर विकली जात. मारिया तीन वर्षांची असताना ते वारले. छापखाना तिच्या वडील सावत्र भावांकडे गेला. त्याच सुमारास जॉन्स्टन नावाच्या पंडिताचा प्राण्यांवरील मोठा ग्रंथ या भावांच्या खोदकामासह निघू लागला. ड्यूररचा गेंडा आणि एकशिंगी घोडे यांना याही ग्रंथात जागा मिळाली होती. मारियाच्या आईने लवकरच याकोब मारेल या चित्रकाराशी पुनर्विवाह केला. मारेल फुलांची चित्रे काढण्यात कुशल होता. त्याच्या चित्रशाळेत रंग वाटणे, कुंचले धुणे, कागद ताणून बसविणे ही कामे करता करता मुलगी रेखाटनही शिकली. सावत्र बापाने तिला मनापासून शिकविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण मुलींना असे शिक्षण सहसा मिळत नसे.

मारेलच्या फुलांच्या चित्रांत शोभेसाठी एखादे फुलपाखरू किंवा भुंगा काढलेला असे. मारियाचे मन त्या फुलपाखरांत गुंतले. ती कोठून येतात, हा प्रश्न तिला पडला. या प्रश्नाचे त्या काळी रूढ असलेले उत्तर मोठे चमत्कारिक होते. किडे चिखलातून, दवातून, कुजलेल्या मांसातून आपोआप उत्पन्न होतात, असे प्राचीन ग्रीक पंडितांपासून सांगितले जात होते आणि भले भले विद्वान ते मानीत. सामान्य लोकांना तर किडे म्हणजे अमंगळ वस्तू वाटत. सुरवंट दिसला की तो चिरडावा, एवढाच त्याच्याशी माणसाचा संबंध.

१६६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मारियाने रेशमाचे किडे पाळले. मोहरीएवढ्या अंड्यांतून केसासारख्या बारीक अळ्या निघाल्या. त्यांना तुतीची पाने घालावी लागत. पाने रोज ताजी हवीत व ओली नकोत. अळ्या अहोरात्र खात आणि दिसामासांनी नव्हे, तासातासाने वाढत. चार वेळा त्यांनी कात टाकली. मग खाणे सोडून त्या मान हलवू लागल्या, तोंडातून धागा काढू लागल्या, आणि त्या धाग्याने त्यांनी स्वतःभोवती कोश विणून घेतला. काही दिवसांनी तो कोश ओला झाला आणि त्यातून पांढरा, जाड अंगाचा पतंग बाहेर आला. त्याने अंडी घातली आणि तो मेला. अंड्यापासून अंड्यापर्यंतचे हे वर्तुळ मारियाने आपल्या डोळ्यांनी पाहिले व प्रत्येक टप्प्याचे चित्र काढून ठेवले. मग तिने विचार केला, की रेशमाच्या किड्याचे जे होते तेच इतर सुरवंटांचेही होत असेल काय? त्या दिवसापासून शेतात, कुंपणाशी, बागेत जो सुरवंट सापडेल तो ती घरी आणू लागली. आठ वर्षांनंतर, १६६८ साली, इटलीतील रेडी या वैद्याने मांसाची भांडी झाकून ठेवून माश्यांच्या अळ्या मांसातून आपोआप होत नाहीत असे सिद्ध केले. त्यावेळी मारियाच्या डब्यांतून कितीतरी फुलपाखरे उडून गेली होती.

१६६५ साली, अठराव्या वर्षी, तिचा विवाह योहान आंद्रेआस ग्राफ या चित्रकाराशी झाला. तो मारेलचाच शिष्य होता. काही वर्षांनी हे कुटुंब न्यूरेंबर्गला, म्हणजे ड्यूररच्याच गावी, राहावयास गेले. मेरियनबाईंना दोन मुली झाल्या; थोरली योहाना हेलेना आणि धाकटी डोरोथेआ मारिया. न्यूरेंबर्गमध्ये चित्रकारांच्या संघाचे नियम कडक असून तैलरंगातील चित्रे विकण्याची मुभा स्त्रियांना नव्हती. तेव्हा त्या जलरंगात चित्रे काढीत, रंग तयार करून विकीत आणि संपन्न घरांतील मुलींना चित्रकला व भरतकाम शिकवीत. भरतकामाच्या नमुन्यांसाठी त्यांनी १६७५ पासून फुलांच्या चित्रांचे एक पुस्तक तीन भागांत काढले. या सर्व उद्योगांतून संसारास हातभार लागे. परंतु घरातल्या डब्यांत सुरवंट होतेच.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. प्रत्येक सुरवंटाचे अन्न वेगळे. एका जातीचा सुरवंट एकाच झाडाची पाने खातो व दुसरी घातल्यास उपाशी मरतो. म्हणून तो ज्या झाडावर सापडला ते झाड ओळखून त्याची पाने रोज आणावी लागत. कोशातून पतंग कधी दोन आठवड्यांनी निघे, तर कधी सबंध हिवाळा जाई. तो निघण्याची घटका चुकली तर सारी मेहनत व्यर्थ. पुष्कळदा अळ्या मरून जात. कधी कधी तर फुलपाखराची वाट पाहत असता कोशातून भलत्याच माश्यांचा थवा बाहेर पडे. हे कसे घडते, याचा उलगडा त्यांना झाला नाही. काही माश्या व गांधिलमाश्या सुरवंटाच्या अंगात आपली अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या सुरवंटास आतून खातात, हे ज्ञान पुढचे. परंतु मेरियनबाईंनी त्या माश्याही टाकून दिल्या नाहीत. पाहिल्या तशा चितारून व लिहून ठेवल्या.

एकोणीस वर्षांच्या या निरीक्षणांतून १६७९ साली त्यांचा सुरवंटांवरील ग्रंथ बाहेर पडला. त्यात ५० चित्रपट होते आणि मजकूर पंडितांच्या लॅटिन भाषेत नसून जर्मन भाषेत होता. पहिल्याच चित्रात तुतीची फांदी आणि रेशमाचा किडा आहे. दुसरा भाग, तितक्याच चित्रांचा, १६८३ साली निघाला.

या ग्रंथात नवे काय होते? कीटकांची चित्रे यापूर्वीही निघाली होती. पण पुष्कळ चित्रकार मेलेले किडे ओळीने मांडून कोऱ्या कागदावर काढीत. दुकानात माल मांडावा तसे. मेरियनबाईंच्या चित्रात आधी एक झाड असे, त्या सुरवंटाचे खाद्य असलेले. त्याच्या पानावर अंडी, दुसऱ्या पानाची कडा कुरतडणारा सुरवंट, देठाला लटकलेला कोश, फुलावर बसलेले किंवा उडणारे फुलपाखरू. कुरतडलेली पाने त्या कुरतडलेलीच दाखवीत. एका पृष्ठावर एका जिवाचे सारे आयुष्य आणि त्याचे अन्नही. चित्र पाहणाऱ्यास एक शब्द न वाचता कळावे, की हा किडा आणि हे झाड एकमेकांशी बांधलेले आहेत. चित्र मोठे सुंदर असे. पण ते केवळ सौंदर्यासाठी नव्हते. ती एक साक्ष होती.

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर त्यांनी स्वतः कोरली. वडिलांच्या घराण्याचीच ती विद्या. घासून आरशासारख्या केलेल्या पत्र्यावर चित्र उलटे उतरवावयाचे, डावीकडचे उजवीकडे. मग अणकुचीदार पोलादी कोरणीने एकेक रेघ खोदावयाची. फुलपाखराच्या पंखावरचे खवले, सुरवंटाच्या अंगावरचे केस, हे सारे रेघांनीच दाखवावयाचे. कोरणी घसरली तर ती चूक सहजासहजी पुसता येत नाही. पत्रा तयार झाला की त्यावर शाई चोपडून वरवरची पुसून टाकीत. खोदलेल्या रेघांत तेवढी ती राही. त्यावर दमट कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढला की रेघांतील शाई कागदावर उठे. नंतर एकेका प्रतीत हाताने रंग भरीत. कित्येकदा मेरियनबाई आणखी एक युक्ती योजीत. छापलेल्या ओल्या कागदावर दुसरा कोरा कागद दाबून त्या ठशाचाही ठसा घेत. त्यात चित्र पुन्हा सुलटे होई व रेघा फिकट उमटत, त्यामुळे वर रंग दिल्यावर ते हाताने काढलेल्या चित्रासारखे दिसे.

यानंतरची काही वर्षे कष्टाची गेली. सावत्र वडील वारले, वारशाचे तंटे उद्भवले, पतीशी पटेनासे झाले. १६८५ साली आपली आई व दोन्ही मुली यांना घेऊन मेरियनबाई हॉलंडमधील एका धार्मिक पंथाच्या वसाहतीत जाऊन राहिल्या. तेथील राहणी अत्यंत साधी होती. खाजगी मालमत्ता कोणी ठेवीत नसे. पती परत नेण्यास आला, तेव्हा त्यांनी जाण्याचे नाकारले. आईच्या मृत्यूनंतर, १६९१ साली, त्या मुलींसह ॲमस्टरडॅमला आल्या आणि चित्रे व रंग विकून स्वतःच्या बळावर घर चालवू लागल्या.

ॲमस्टरडॅम हे तेव्हा जगातील अत्यंत श्रीमंत बंदरांपैकी एक होते. डच जहाजे पूर्वेकडून व पश्चिमेकडून माल आणीत आणि त्या मालाबरोबर शिंपले, पक्षी, साप व किडेही येत. नगरातील धनिकांनी घरोघर त्यांचे संग्रह केले होते. नगराचा महापौर विटसेन याचाही असा संग्रह होता. मेरियनबाईंनी ते संग्रह पाहिले. तळहाताएवढी निळी फुलपाखरे, सोन्यासारखे भुंगे, सारे काही होते. परंतु ते सारे मेलेले होते. हे फुलपाखरू कोणत्या सुरवंटापासून झाले? तो सुरवंट काय खात होता? त्याचा कोश कसा होता? संग्राहकांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते आणि विचारावे असेही फारसे कोणास वाटले नव्हते.

तेव्हा आपणच जाऊन पाहावे, असे त्यांनी ठरविले. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सुरिनाम नावाची डच वसाहत होती. तेथील काही किडे त्यांनी धार्मिक वसाहतीत असताना पाहिले होते. हितचिंतकांनी तेथील उष्म्याची व रोगराईची भीती घातली. मेरियनबाईंनी आपली चित्रे व संग्रह विकून पैसा उभा केला, मृत्युपत्र करून ठेवले आणि जून १६९९ मध्ये एकवीस वर्षांच्या डोरोथेआला बरोबर घेऊन जहाजावर पाय ठेवला. त्यावेळी त्यांचे वय ५२ वर्षांचे होते. त्या काळी युरोपातून दूरदेशी जाणारी जहाजे व्यापारासाठी किंवा राज्यविस्तारासाठी जात. केवळ किड्यांचे आयुष्य पाहण्यासाठी स्वखर्चाने महासागर ओलांडणारी स्त्री कोणी पाहिली नव्हती, पुरुषही क्वचितच.

सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर त्या पारामारिबो येथे उतरल्या. तेथील अरण्य इतके दाट होते, की पुढे माणसांनी कुऱ्हाडींनी वाट पाडावी तेव्हा मागून जाता येई. उंच झाडावरील सुरवंट हाती यावेत म्हणून एकदा तर झाडच तोडावे लागले. नदीतून होडीने त्या आतल्या मळ्यांपर्यंत गेल्या. सापडलेले सुरवंट पेट्यांत ठेवून पाळावयाचे, पाने आणावयाची, कोशांवर नजर ठेवावयाची, हा फ्रँकफुर्टमधील तेरा वर्षांच्या मुलीचाच क्रम येथेही चालू राहिला. डोरोथेआ आईला मदत करी. दमट उष्म्यात कागदाला बुरशी येई व मुंग्या नमुने खाऊन टाकीत.

तेथील फळे व कंद युरोपातील लोकांस अद्भुत वाटत. अननस, पेरू, पपई, काजू, रताळे आणि कसावा ही सारी झाडे मेरियनबाईंच्या चित्रांत आहेत. मूळची ती अमेरिकेतली. पोर्तुगिजांच्या काळापासून पुढे ती आपल्याकडे येऊन रुजली. उपवासाचा साबुदाणा आज ज्या कंदापासून करतात तो कसावाच. त्याचा कच्चा रस विषारी असतो व तेथील लोक तो पिळून काढून मगच भाकरी करतात, हेही त्यांनी लिहून ठेवले. लाल-पिवळ्या तुऱ्यांचा शंकासुर आपल्या बागांतून दिसतो, त्याचेही एक सुंदर चित्र त्यांनी काढले आहे.

परंतु या हिरव्या देशात एक भयंकर गोष्ट होती. सुरिनामचे मळे उसाचे होते आणि ऊस पिकविण्याचे काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करून घेत. मळेवाल्यांना साखरेखेरीज दुसरे काही दिसत नसे. उसाशिवाय अन्य काही शोधणाऱ्या या बाईंना ते हसत. झाडांची नावे, त्यांचे उपयोग, कोणता सुरवंट कोठे सापडतो ही माहिती मेरियनबाईंना मळेवाल्यांकडून नव्हे, तर गुलामांकडून आणि तेथील मूळ रहिवाशांकडून मिळाली. शंकासुराच्या चित्राबरोबर त्यांनी या गुलाम स्त्रियांचे दुःख नोंदले आहे. धन्यांचा छळ इतका होता, की आपल्या पोटी येणारे मूल गुलामगिरीत जन्मू नये, असे या स्त्रियांना वाटे. आणि मेल्यावर आपण आपल्या देशात स्वतंत्र म्हणून पुन्हा जन्मू, अशी त्यांची श्रद्धा होती. हे सारे त्या स्त्रियांनी आपल्याला सांगितले, असेही मेरियनबाईंनी लिहिले आहे. मात्र त्यांच्या स्वतःच्या चाकरीतही तेथे गुलाम होते, हे विसरता येत नाही. दुसऱ्याच्या निर्दयतेकडे त्यांची नजर गेली. पण गुलामगिरीच्या विरुद्ध त्या उभ्या राहिल्या नाहीत. ज्यांच्या कुऱ्हाडींनी त्यांची वाट मोकळी झाली त्यांची नावे ग्रंथात आलेली नाहीत.

दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच ताप व अशक्तपणा यांनी त्या खंगून गेल्या. नाइलाजाने जून १६९१ नव्हे, तर बरोबर दहा वर्षांनी, जून १७०१ मध्ये त्यांना परतीचे जहाज धरावे लागले. सप्टेंबरमध्ये त्या ॲमस्टरडॅमला पोहोचल्या, तेव्हा बरोबर चित्रे, टिपणे, मद्यार्कात बुडवून ठेवलेले प्राणी आणि दाबून वाळविलेली फुलपाखरे होती. तेथील एक मूळ रहिवासी स्त्रीही त्यांच्यासमवेत आली होती व ग्रंथ लिहिताना तिची मदत झाली.

तो ग्रंथ १७०५ साली प्रसिद्ध झाला. सुरिनामच्या कीटकांच्या रूपांतरावरील या ग्रंथात मोठ्या आकाराचे ६० चित्रपट असून तो लॅटिन व डच अशा दोन्ही भाषांत निघाला. या वेळी खोदकाम बहुतांशी ॲमस्टरडॅममधील कसबी खोदकारांकडून करवून घेतले होते. खर्च मेरियनबाईंनीच सोसला. उत्तम कागद, उत्तम कारागीर, यांत काटकसर केली नाही.

या ग्रंथातील अठरावे चित्र फार गाजले. पेरूच्या फांदीवर मुंग्यांची व कोळ्यांची धावपळ चालली आहे, आणि खाली एक मोठा केसाळ कोळी हमिंगबर्ड नावाच्या चिमुकल्या पक्ष्यास घरट्याजवळ उताणा पाडून खात आहे. कोळी पक्ष्याला खातो, ही गोष्ट युरोपातील विद्वानांना पटेना. एका बाईने ऐकीव गप्पा चितारल्या, असे पुढे कित्येकांनी म्हटले. असे म्हणणाऱ्यांपैकी काहींनी सुरिनामचा किनाराही पाहिलेला नव्हता. पुढे बेट्स नावाचा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ ॲमेझॉनच्या अरण्यात अकरा वर्षे राहिला. त्याच जातीच्या एका कोळ्याने लहान पक्षी पकडलेले त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि १८६३ साली आपल्या ग्रंथात तसे लिहिले. मेरियनबाईंच्या चित्रानंतर १५८ वर्षांनी त्यांना साक्षीदार मिळाला.

तरी त्यांचे सर्वच बरोबर होते असे नाही. त्याच चित्रातील हमिंगबर्डच्या घरट्यात चार अंडी आहेत. हा पक्षी दोनच अंडी घालतो. पाने कापणाऱ्या मुंग्या आणि झुंडीने शिकार करणाऱ्या मुंग्या या दोन जाती त्यांनी एकच मानल्या. मोठ्या फुगीर डोक्याच्या एका किड्याविषयी त्यांनी लिहिले, की त्याचे डोके रात्री दिव्यासारखे उजळते. तसे ते उजळत नाही. सिकाडा नावाच्या कर्कश ओरडणाऱ्या किड्यापासून हा किडा होतो, असे तेथील लोकांनी सांगितले, तेही त्यांनी चित्रात घेतले. आणि तेही खरे नाही. हा बदल त्यांनी पेटीत ठेवून पाहिला नव्हता.

या ग्रंथाने मेरियनबाईंचे नाव युरोपभर झाले. संपत्ती मात्र मिळाली नाही. चित्रे, रंग व जपून ठेवलेले प्राणी विकून त्या निर्वाह करीत. १७१५ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तरीही मुलीच्या मदतीने सुरवंटांवरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागाचे काम चालू राहिले. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले. तिसरा भाग डोरोथेआने त्याच वर्षी प्रसिद्ध केला.

त्या सुमारास रशियाचा सम्राट पीटर हा हॉलंडमध्ये आला होता. मेरियनबाईंच्या चित्रांचा मोठा संग्रह त्याच्या वैद्याने विकत घेतला. पुढे सम्राटाने डोरोथेआस व तिच्या चित्रकार पतीस सेंट पीटर्सबर्गला बोलावून घेतले, आणि तेथील शास्त्रीय संग्रहालयासाठी ती चित्रे काढू लागली. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली जगातील प्राण्यांना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा अनेक कीटकांसाठी त्याने मेरियनबाईंच्या चित्रांचा आधार घेतला. त्या केसाळ कोळ्याला त्याने जे नाव दिले त्यात लॅटिनमधील पक्षी हा शब्द आहे. जर्मनीने १९९२ पासून चालविलेल्या ५०० मार्कांच्या नोटेवर मेरियनबाईंचे चित्र होते. २००२ साली युरो नाणे आल्यावर ती नोट चलनातून गेली.

सेंट पीटर्सबर्गच्या शास्त्रपरिषदेच्या ग्रंथालयात त्यांची जन्मभरची टिपणवही अद्याप जतन केलेली आहे. चर्मपत्राच्या लहान लहान तुकड्यांवर रंगविलेले सुरवंट, कोश व पतंग, आणि शेजारी त्यांच्या हस्ताक्षरातील टिपणे, असे त्या वहीचे स्वरूप आहे. त्यातील पहिली नोंद १६६० सालच्या रेशमाच्या किड्यांची आहे.